दहावी डबी

मे महिन्यात दुपारी एक ते पाच लातुरात कुणी कुणाकडं जात नाही. कूलरमध्ये दोन घागरी पाणी ओतायचं, पडदे ओढायचे आणि पडून राहायचं. आमच्या घरात या वेळेला एकच माणूस कामात असतो. दहा वर्षांचे चिरंजीव टीव्हीसमोर मांडी ठोकून न्यूयॉर्क फोडत बसलेले असतात.

फोडत म्हणजे खरंच फोडत. खेळाचं नाव लेगो मार्व्हल सुपर हीरोज. 2013 सालचा, म्हणजे खेळणाऱ्यापेक्षा वयानं मोठा. डिस्क मी जुनी घेतली. तिच्यावर इतके ओरखडे होते की आधीच्या मालकानं तिनं तवा घासला असावा. पण चालते. या खेळातलं जग ठोकळ्यांचं आहे. बाकडी, कुंड्या, दिव्याचे खांब, दिसेल त्याला ठोसा मारायचा. ते खळ्ळकन फुटतं आणि आतून चांदीसोन्याच्या टिकल्या सांडतात. त्या वेचायच्या. जग वाचवायचं काम मधूनमधून असतंच, पण टिकल्या सोडून कोण जातंय?

पहिली लेव्हल रेल्वे स्टेशनातली. न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल, 1913 पासून उभं असलेलं, 44 फलाटांचं. त्यात सँडमॅन नावाचा वाळूचा राक्षस घुसतो, म्हणून लेव्हलचं नाव सँड सेंट्रल स्टेशन. त्याला आवरायला आयर्न मॅन, हल्क आणि मागून स्पायडर-मॅन. हाच गडी लातूरच्या स्टेशनात उतरला असता तर ऑटोवाल्यांनीच घेरला असता, "गांधी चौक का गंजगोलाई?" म्हणून. आमच्या स्टेशनाचा मोठा पराक्रम म्हणजे 2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. वाळूच्या माणसाला त्या गाडीची नुसती शिट्टी ऐकूनच पाझर फुटला असता.

असो. लेव्हल संपली की पडद्यावर हिशेब येतो. सँडमॅन हरला, शहर वाचलं, आणि खाली बारीक अक्षरात डब्या दहापैकी तीन. खेळाच्या भाषेत त्यांना मिनीकिट म्हणतात. प्रत्येक लेव्हलमध्ये दहा लपवलेले असतात, दहा जमले की त्यांचं एक छोटं वाहन तयार होतं. लेव्हली 15, म्हणजे डब्या 150. डब्या हा शब्द माझ्या आईचा. ती पलंगावर पडल्या पडल्या सगळं बघत असते आणि दर अर्ध्या तासानं विचारते, "घावली का रे डबी?"

डब्यांशिवाय प्रत्येक लेव्हलमध्ये एक चष्मेवाला म्हातारबाही कुठंतरी अडकलेला असतो. हे स्टॅन ली, या सगळ्या मंडळींच्या जन्मदात्यांपैकी एक. 2018 मध्ये ते गेले, पण खेळात आवाज त्यांचाच आहे. आईला हे कळल्यापासून, डब्या राहिल्या तरी चालतील, म्हातारबाला सोडवल्याशिवाय ती नातवाला जेवायला उठू देत नाही.

मी यात ओढला गेलो तो दुसऱ्या रिमोटमुळं. हा खेळ दोघांना शेजारी बसून खेळता येतो. "पप्पा, नुसतं हल्क होऊन उभे राहा, ते हिरवं हँडल उपसायचंय," एवढ्यावर सुरुवात झाली. आता पोरगं झोपल्यावर मी आवाज बंद करून एकटाच बसतो, हे बायकोला माहीत आहे आणि तिनं ते दोन्हीकडच्या नातेवाइकांत पसरवलेलं आहे.

पहिले चार दिवस मला वाटत होतं, आपली नजर कमी पडते. वास्तविक बऱ्याच डब्यांची जागा डोळ्यासमोर असते. फलाटावर सोन्यासारखी चकाकणारी वस्तू उभी आहे, तिच्यात काहीतरी आहे हे आंधळ्यालाही कळावं. पण ती वितळवायला आगीचा माणूस, ह्यूमन टॉर्च लागतो, आणि तो या लेव्हलच्या गोष्टीत नाहीच. जाळीतून आत सरपटायला रबरासारखा ताणणारा मिस्टर फँटॅस्टिक लागतो. लोखंड ओढायला मॅग्नेटो लागतो, आणि तो तर शत्रूपक्षातला. म्हणजे गोष्ट पुढं खेळत जायची, एकेक माणूस जोडायचा, मग सगळी वरात घेऊन परत त्याच स्टेशनात यायचं. याला फ्री प्ले म्हणतात. पहिल्या फेरीत दहाच्या दहा सापडूच नयेत अशीच ती रचना. हे मला पोरानं समजावलं, आणि समजावताना त्याचा चेहरा आमच्या गणिताच्या सरांसारखा झाला होता.

तोवर मी आपला दिसेल ते बडवत होतो. आई म्हणाली, "तुझं हे गोरोबाकाकाच्या थापटण्यासारखं चाललंय." माझं आजोळ तेरचं, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या गावचं, त्यामुळं आमच्या घरात गोरोबाकाका कधीही मधे येतात. संतमंडळी त्यांच्या घरी जमली, मुक्ताबाईनं विचारलं हे काय, ते म्हणाले थापटणं, यानं मडकं कच्चं की पक्कं कळतं. मग एकेकाच्या डोक्यावर थापटणं बसलं आणि नामदेव तेवढे कुरकुरले. ही गोष्ट आईनं नातवाला सांगितली तेव्हा त्यानं पहिला प्रश्न विचारला, "नामदेवांच्यातून काय निघालं?"

लपवणाऱ्यांच्याही तऱ्हा असतात. 2009 च्या बॅटमॅन अर्कम असायलममध्ये रिडलर नावाचा कोडेखोर 240 कोडी पेरून ठेवतो आणि वर फोन केल्यासारखा टोमणे मारतो. ती लोकांनी भराभर फोडली. पण त्याच खेळात वॉर्डनच्या कचेरीत एक साधी भिंत होती. तिच्यावर खूण नाही, भेग नाही, कुणी बोट दाखवत नाही. तिच्यामागं एक खोली होती आणि खोलीत पुढच्या खेळाचे आराखडे टांगलेले. कित्येक महिने कुणाला पत्ता नाही. शेवटी बनवणाऱ्यांनीच न राहवून सांगून टाकलं. मला यात लपवणाऱ्याची तडफड जास्त दिसते. धप्पा द्यायला कुणी येतच नाही म्हणून कणगीमागं बसलेलं पोर स्वतःच ओरडतं ना, "मी हितं हाय!" तसं.

त्याहून जुना किस्सा ऍटारी या व्हिडिओ गेमच्या कंपनीच्या काळातला. ॲडव्हेंचर नावाचा खेळ, 1980 च्या सुमाराचा. तेव्हा कंपनी खेळावर करणाऱ्याचं नाव छापत नसे. वॉरन रॉबिनेटनं काय केलं, एक गुप्त खोली बांधली आणि आत स्वतःचं नाव लिहिलं. किल्ली म्हणून एक राखाडी ठिपका भुयारात टाकला, मागच्या रंगात बेमालूम मिसळलेला. नाव तिथं आहे हे कंपनीलाही ठाऊक नव्हतं. आमच्याकडं असा एक साहेब होऊन गेला. 28 एप्रिल 1819 ला वाघाच्या मागं फिरताना जॉन स्मिथला अजिंठ्याची लेणी दिसली आणि त्यानं दहा नंबरच्या लेण्यातल्या खांबावर नाव कोरलं. ते आज आपल्या डोक्याच्या वर दिसतं, कारण तेव्हा आत मातीदगडाचा ढीग होता आणि साहेब त्यावर उभा होता. रॉबिनेटचं मला कौतुक वाटतं, स्मिथचं नाही. एकानं खोली स्वतः बांधली होती.

डब्या शोधून देणारं यंत्रही खेळात विकत मिळतं. ते घेतलं की बाण दाखवतो, इकडं डबी, तिकडं डबी. शिवाय मोबाईलवर कुणीतरी पोरगं दहाही जागा सहा मिनिटांत उलगडून दाखवतंच. आमच्यात यावरून भांडण झालं. मी म्हणालो, घेऊ या, एकच राहिलीय. चिरंजीव म्हणाले, मग मजा काय? मोठ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. आता ती एक राहिलेली कुठल्या लेव्हलमधली, हे मीही इथं सांगणार नाही.

तेरला आम्ही सुट्टीत जायचो तेव्हा बाण-बिण काही नव्हता. पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर पोरं डोकं खाली घालून फिरायची. माती धुऊन गेलेली असायची आणि वर मणी उघडे पडलेले. लाल, काळे, शंखाचे. नखाएवढे. तेर म्हणजे जुनं तगर, रोमशी व्यापार करणारं गाव, हे तेव्हा आम्हाला कुठं माहीत! मणी गोट्यांच्या बदल्यात चालायचे. याच गावात रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू वेचून वेचून जमवल्या, आज त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. तिथं हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच एक इटलीत, इसवी सन 79 मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत सापडली. एवढं सगळं पायाखाली होतं आणि आम्ही तीन मण्यांना एक गोटी असा भाव लावत होतो.

पण माझी खरी लेव्हल होती आज्जीचं माजघर. माळवदाचं घर, जाड भिंती, दिवसाही अंधार. वरच्या सवण्यातून उजेडाचा एक खांब खाली यायचा आणि दुपारी दोनच्या सुमाराला बरोबर कोपऱ्यातल्या उतरंडीवर पडायचा. सात मडकी, खालचं रांजणाएवढं, वरचं मुठीएवढं. वरच्यात मेथ्या, त्याखाली मीठ, त्याखाली चिंच, हे सगळ्यांना माहीत. चौथ्यापासून खाली काय आहे ते फक्त आज्जीला. तिथून कधी खारीक निघायची, कधी खोबऱ्याची वाटी, एकदा पाहुणे आले तेव्हा आख्खी काजूची पुडी निघाली होती. चोरायची सोय नाही, कारण चौथ्यात हात घालायचा तर वरची तीन उतरवावी लागतात, आणि मडकं मडक्यावरून उचललं की खर्रर्र असा आवाज होतो जो शेतातही ऐकू जातो.

मी आठ वर्षांचा होतो. दोनचा उजेड पडला होता, आज्जी सोप्यात वाती वळत होती. पाटावर पाट ठेवून मी चढलो. मेथ्या उतरवल्या, मीठ उतरवलं, चिंचेच्या मडक्याला दोन्ही हातांनी धरलं आणि पाट सरकला. पुढचं मला आवाजातच आठवतं. आधी एक, मग सगळी मिळून. मी खापऱ्यांत बसलो होतो, अंगावर चिंच, उजेडाच्या खांबात मिठाची धूळ तरंगत होती. चौथ्या मडक्यात शेंगदाणे निघाले. नुसते शेंगदाणे.

आज्जी आली. मला वाटलं आता फुंकणी बसणार. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. खाली बसून दोन्ही हातांनी भराभर खापऱ्या बाजूला सारायला लागली आणि ढिगातून एक पुरचुंडी उचलली. निळ्या धडप्याची, सुतळीनं तीन-चार वेढे मारलेली. कानाजवळ हलवली, कमरेला खोचली, मग माझं मनगट धरलं. "हे तू बघितलं नाहीस. तुझ्या आज्यालाबी सांगू नको. माझ्या गळ्याची आण हाय." संध्याकाळी आजोबांनी विचारलं तेव्हा तिनं मांजराचं नाव सांगितलं. उतरंड पुढच्या बाजारी नवी आली. मी आण पाळली. आज्जी जाऊन किती वर्षं झाली, तरी पाळली.

गेल्या आठवड्यात आम्ही दहाव्या डबीच्या मागं होतो. जाळीच्या आत सरपटून गेलो, सोनं वितळवलं, खांब उपसले, नऊ. पोरगं भिंतीला डोकं लावून थापटणं आपटत होतं आणि तेवढ्यात लाईट गेली. शेवटचं सेव्ह झाल्यापासूनचं सगळं पाण्यात. कूलर थांबला, घरात एकदम माजघरासारखं शांत झालं. पोराला गप्प बसवायला म्हणून मी उतरंडीची गोष्ट काढली. सांगता सांगता पुरचुंडीवर आलो, थबकलो, आणि एवढ्या वर्षांनी काय होतंय म्हणून ती आणही सांगून टाकली.

पलंगावरून आईचा आवाज आला. "निळं धडपं का रे? माझ्या इरकली लुगड्याचं?"

"तुला कसं माहीत?"

"माझीच की ती. सासरी ठेवायला जागा कुठं होती मला? दर पंचमीला आले की आईजवळ देऊन जायची." मग जरा थांबून म्हणाली, "तरीच एकदा म्हणली होती, मडकं बदललंय म्हणून."

पोरगं अंधारात उठून बसलं. "आजी, काय होतं त्यात?"

आईनं पदरानं वारा घेतला. तेवढ्यात लाईट आली, कूलर घरघरला, टीव्हीवर ठोकळ्यांची कंपनी वाजत सुरू झाली.

"तुला काय करायचंय?" ती म्हणाली. "तुझी एक राहिलीय ना, ती बघ आधी."