त्रेचाळीस की चौतीस?

लेक साडेपाच वर्षांची, सीनियर केजीत. आजीने "त्रेचाळीस लिही" म्हटलं की लिहायची ३४. सदुसष्टचे ७६. हेच आकडे इंग्रजीत सांगितले की बिनचूक. मी ठरवून टाकलं, मराठीकडे लक्षच नाही हिचं. मग रोज संध्याकाळी पाटीवर शंभरपर्यंत लिहून घ्यायला लागले. चौथ्या दिवशी पाटी दिसताच बाई पलंगाखाली.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, ऐकते तसंच लिहितेय ती. आधी 'त्रे' ऐकू येतं, चाळीस मागून येतात." २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसचं 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा त्यावरचे विनोद मीही हौसेने पुढे पाठवले होते. आता जरा ओशाळले.

पाटी ठेवून दिली. खराट्याच्या काड्या तोडून दहा-दहाच्या जुड्या बांधल्या, तिच्याच केसांच्या रबरांनी. नियम एकच: शब्द पुरता संपेपर्यंत काडीला हात लावायचा नाही. त्रे... चाळीस. आधी चार जुड्या डावीकडे, मग तीन सुट्या उजवीकडे. जमिनीवर मांडलेलं बघून लिहायचं. तीनेक आठवड्यांत त्रेचाळीस जागेवर आले. पन्नाशी मात्र अवघड गेली. सत्तावन्नमध्ये पन्नास ऐकू येतात कुठे? ते सापशिडीवर सोपवलं. सोंगटी ठेवताना घराचा आकडा मोठ्याने म्हणायचा, नाहीतर डाव आजीचा. आजी मुद्दाम चुकायच्या, आणि त्यांना पकडण्यातच लेकीचं पाठ झालं.

एकोणतीसला नवीन घोळ. तिने तीन जुड्या घेतल्या आणि वर एक काडी: ३१! 'एकोण' म्हणजे एक उणा, हे तिला कसं सांगणार? आजींनी तिसऱ्या जुडीतून एक काडी पदराआड लपवली. "आता किती?" त्या दिवसापासून एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास म्हणजे आजीची चोरी. एकोणनव्वदपर्यंत आजी चोरत राहिल्या.

परवा दहा जुड्या मांडून तिने स्वतःच एक काडी लपवली आणि ओरडली, "एकोणशंभर!"

"नव्व्याण्णव," मी म्हटलं.

"का? चोरली की मी."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या काड्या आवरत होत्या.