भावाची सही

अमेरिकेतल्या साउथ डकोटात गवताळ जमिनींच्या इझमेंटचं काम करते मी. म्हणजे रँचवाल्याला एकदाच रक्कम द्यायची आणि त्याने ती जमीन कधीच नांगरायची नाही, पुढे विकली, वारसांकडे गेली तरी करार जमिनीबरोबरच जातो. मालकी त्यांचीच, टॅक्स तेच भरतात, गुरं खुशाल चारायची, फक्त गवत कापायचं १५ जुलैनंतर, कारण तोवर पिनटेल, मॅलार्ड बदकं आणि बोबोलिंक त्याच गवतात घरटी करून असतात. पैसा बराचसा डक स्टँपचा, बदकांच्या शिकाऱ्यांना दरवर्षी २५ डॉलरला घ्यावा लागतो तो, १९३४ पासून चालू आहे.

त्या दिवशी सह्या होत्या. वडील गेल्यावर जमीन बहीण-भावाच्या नावावर आलेली, गुरं बहीण सांभाळते, भाऊ शहरात. बहिणीने सही केली आणि भाऊ म्हणाला मी नाही करणार, शेजारचा मका-सोयाबीनवाला चांगला भाव देतोय आणि माझ्या नातवंडांचे हात मी आत्ताच का बांधू?

प्रश्न रास्त होता. यातून परत फिरता येत नाही हे मी त्याला स्पष्टच सांगितलं. पण नांगरातूनही परत फिरता येत नाही ना! इथल्या बिग ब्लूस्टेम गवताची मुळं दोन मीटरहून खोल जातात, ते एकदा उलथलं की नंतर बी पेरून गवत येतं, पण मूळच्या माळावरची सगळी सरमिसळ काही परत येत नाही.

तो गप्पच. मग बहीणच म्हणाली, तुझा हिस्सा मी विकत घेते, माझ्या वाट्याचे इझमेंटचे पैसेही तू घे, तुझ्या हिश्श्याचे उरलेले मी बँकेकडून काढून देते, आणि रस्त्याकडेचा आजोबांनी नांगरलेला तुकडा करारात नाहीच, तो तुझ्या नातवंडांना ठेव. दोघं नकाशा घेऊन बाहेर गेले, बऱ्याच वेळाने आले आणि त्याने सही केली.

लोक म्हणतात काही न करण्याचे पैसे वाटता तुम्ही. मला हे अजिबात पटत नाही, या पैशामुळेच तर तिला भावाचा हिस्सा घेता येतोय, नाहीतर अख्खी रँच विकावी लागली असती आणि पुढच्या वर्षी तिथे मका दिसला असता.

आता तिचं कर्ज मंजूर व्हायचंय. आणि आमच्या वेटिंग लिस्टवर अजून कितीतरी कुटुंबं तयार बसलीत, पैसाच पुरत नाहीये.