घर कुठपर्यंत आले, हे तुम्ही विचारलेत म्हणून

"घर कुठलोक आलं वो बाई?" हा प्रश्न मला शाळेच्या व्हरांड्यात, आठवडी बाजारात, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर मयतीच्या घरी बसलेली असताना विचारला गेला आहे. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात आपुलकीच असते, याविषयी मला शंका नाही. तरीही आजवर मी "चालू आहे" एवढेच उत्तर देत आले, कारण खरे उत्तर लांब आहे आणि त्यातल्या एका भागाविषयी बोलायला मला आवडत नाही. नेमका तोच भाग गाळून बाकीचे सांगितले, की ऐकणाऱ्याला वाटते या लोकांनी उगाच वेळ घालवला. म्हणून आता सगळेच लिहिते.

जुने कवेलूचे घर का पाडले, पुण्याला राहणाऱ्या भाऊजींसाठी खोली का धरली आणि मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आधी नकार देऊन मग होकार का दिला, ही चर्चा गावासमोरच झाली आहे. ती पुन्हा उगाळत नाही.

पायापासून सुरुवात करते, कारण "पैसा मातीत घातला" हे लोकांचे वाक्य तिथूनच निघाले. यवतमाळ जिल्ह्यातली आमची ही जमीन भारी आहे. ज्या काळ्या मातीवर कापूस पोसतो, ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्यांचे शेत आहे त्यांना हे मी सांगायला नको. पण शेतात जे दरवर्षी दिसते तेच घराखालीही चालू असते, याचा विचार आपण करत नाही. पाया त्या मातीतच टेकला, तर ती त्याला एका ऋतूत उचलते आणि दुसऱ्या ऋतूत सोडून देते, आणि मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावे लागते. ठेक्याच्या बोलणीत खड्डे ५ फूट धरले होते. मागच्या कोपऱ्यात ८ फुटांवरही काळीच माती निघत होती. तिथून पुढचे खोदकाम, जास्तीचे लोखंड, आणि जोत्याच्या आतली काळी माती काढून तिथे भरलेल्या मुरमाच्या ट्रॉल्या, यांत भिंतींसाठी ठेवलेले पैसे संपले. त्या उन्हाळ्यात जमिनीच्या वर दाखवण्यासारखे आमच्याकडे काहीही नव्हते. जुन्या घराच्या मातीच्या भिंतीला भेग पडली की सासूबाई दिवाळीआधी ती लिंपून टाकत; विटांच्या भिंतीत ती सोय नाही, हे मी तेव्हाही सांगत होते आणि आजही सांगते.

"हौसेचं घर" हा दुसरा आक्षेप. तालुक्याच्या गावी तयार नकाशे मिळतात: पुढे हॉल, बाजूला किचन, मागे दोन बेडरूम. तो नकाशा घेतला असता तर इंजिनिअरची फी आणि घरातला बराच वाद वाचला असता, हे खरे आहे. परंतु त्या नकाशात कापूस कुठे ठेवायचा? भाव येईपर्यंत कापूस थांबवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, की तो शेवटी झोपायच्या खोलीतच येतो, आढ्यापर्यंत चढतो, आणि ऊन तापू लागले की घरातले सगळे अंग खाजवत बसतात. माझ्या मुलीने दहावीचा अभ्यास अशाच खोलीत केला. म्हणून बाहेरून दार असलेली, गाडी थेट लागेल अशी कापसाची स्वतंत्र खोली मी मागितली. मामाजींच्या गुडघ्यांसाठी उंबरठा नसलेली न्हाणी मागितली. आणि तुरीची पोती व पाहुणे एकाच वेळी मावतील एवढी रुंद ओसरी मागितली. स्वयंपाकाचा ओटा माझ्या उंचीचा असावा, ही एक गोष्ट तेवढी हौस म्हणा. ओसरी रुंद झाल्यामुळे तिच्यावरचा बीम लांब झाला, आणि पुढचे सगळे त्या बीमवरून घडले.

पैशाचे गणित कापसावर होते. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला आपण सगळ्यांनी पाहिला, आणि पुढच्या हंगामात तो भाव परत येईल म्हणून विदर्भात घराघरांत कापूस पडून राहिला. आमचाही राहिला, भाड्याने घेतलेल्या खोल्यांपैकी एकीत. तो भाव आला नाही. गावठाणातल्या जागेचा ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा, बँकेला पुरेसा वाटला नाही, त्यामुळे माझ्या पगारावर पतसंस्थेचे कर्ज काढले. ते भिंतींपर्यंत पुरले. २०२३ च्या मे महिन्यात, पेरणीच्या आधी स्लॅब पडलाच पाहिजे म्हणून, तो कापूस मिळेल त्या भावाने विकला. स्लॅबमध्ये आमचे काय गेले होते, हे पुढचे वाचताना लक्षात असावे.

आमचे मिस्त्री वयाने मोठे. मामाजींच्या जुन्या घराची मागची भिंत त्यांनी तरुणपणी आपल्या वडिलांच्या हाताखाली चढवली होती, आणि म्हणूनच काम त्यांच्याकडे द्यायचे, यावर घरात कुणाचेही दुमत नव्हते. स्लॅबच्या दिवशी पहाटेच मिक्सर सुरू झाला. ऊन चढायच्या आत निम्मे काम उरकावे असा बेत होता आणि सकाळी तो जमतही आला होता. दुपार व्हायच्या आत मिक्सर बंद पडला. त्या क्षणी ओसरीवरचा बीम अर्धवट भरला होता, आणि काम जिथे थांबले ती जागा खांबाला लागूनच होती, म्हणजे बीमवर जिथे कातरणारा जोर सर्वांत जास्त येतो तिथे. दुसरे मिक्सर तालुक्याहून येईपर्यंत दिवस कलला. सिमेंटमध्ये पाणी पडल्यावर त्याला फार वेळ थांबता येत नाही, आणि वैशाखाच्या उन्हात तर मुळीच नाही. संध्याकाळी आधीच्या मालावर सिमेंटचे पाणी शिंपडून पुढचे काम सुरू झाले आणि बल्बच्या उजेडात संपले. मजूर बायांचे हात घमेले उचलून थरथरत होते. त्या वेळी कुणी कुणाला काही विचारायच्या मनःस्थितीत नव्हते; मीही पंधरा माणसांच्या जेवणाच्या मागे होते.

तराईत, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्यात, आम्ही कसूर केली नाही. विहिरीने तळ गाठला होता, तरी टँकर आणून स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवले. हल्ली बहुतेक ठिकाणी राखमिश्रित सिमेंट मिळते, आणि त्याला कोरड्या उष्ण हवेत किमान १४ दिवस ओले ठेवावे, असे इंजिनिअरने बजावले होते. आम्ही त्याहून जास्त ठेवले. त्या वर्षी मृग कोरडा गेला. पेरणी खोळंबली होती, म्हणून माणसे मोकळी होती, आणि स्लॅबखालचे फळ्या-टेकूंचे सेंट्रिंग काढायला घेतले.

बीमखालची फळी निघाली तेव्हा खांबापासून हातभर अंतरात नुसती खडी दिसत होती. खालच्या सळाखी उघड्या पडल्या होत्या. त्यांच्यावर किमान २५ मिलिमीटर काँक्रीट असायला हवे. सकाळचा माल आणि संध्याकाळचा माल यांच्यामधली रेघ बाजूने स्पष्ट दिसत होती. मिस्त्री म्हणाले, "घोटून देतो बाई, दिसनार बी नाही." दिसणार नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. इंजिनिअरने हातोडीने ठोकून आवाज ऐकला आणि दोन मार्ग सांगितले: एक, सुटा भाग खरवडून काढून तिथे दाबाने ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ माल, भरायचे, दुसरा, तो बीम आणि त्याच्यावर टेकलेली स्लॅबची पट्टी फोडून, सळाखी साफ करून नव्याने भरायचे. "पहिल्याने बहुतेक भागेल," ते म्हणाले, "पण लेखी मागाल तर मी दुसरेच लिहून देईन."

यजमानांना पहिला मार्ग पटला होता. मामाजी काहीच बोलले नाहीत. फोडा, असे मी म्हणाले.

या निर्णयाचे समर्थन मी अनेकदा केले आहे आणि अजूनही करते. त्या ओसरीत मुले बसणार, पोती रचली जाणार, वर कधीतरी मजला चढणार. पण तुम्ही विचारलेत म्हणून हेही सांगते, की त्या निर्णयात इंजिनिअरचे म्हणणे किती होते आणि कापूस ज्या भावाने गेला त्याचा संताप किती होता, हे मला आजही वेगळे करता येत नाही. स्वस्तात गेलेल्या कापसाचा निदान स्लॅब तरी निर्दोष हवा, असे मनात असणारच. तो हिशेब बीमच्या मजबुतीचा नव्हता.

फोडण्याच्या पहिल्या सकाळी मिस्त्री आले आणि समोरच्या निंबाखाली बसले. टेकू लावून झाले, ब्रेकर सुरू झाला, तेव्हा ते उठून माझ्याजवळ आले. "काहून फोडता वो बाई? माह्या हातचं एकही घर पडलं नाही आजवर." हे अक्षरशः खरे आहे. आपल्या गावातली आणि शेजारच्या गावातली त्यांनी बांधलेली घरे उभी आहेत, आणि त्यांतल्या किती बीमच्या आत अशीच खडी घोटून झाकलेली आहे, हे त्यांनाच माहीत. मला उत्तर सुचले नाही. त्यांनी थापी, गुण्या आणि ओळंबा पिशवीत भरला आणि ते गेले. राहिलेली मजुरी यजमान घरी नेऊन देऊ लागले, ती त्यांनी घेतली नाही. मुलाच्या हाती ठेवली, ती दुसऱ्या दिवशी मुलगाच परत घेऊन आला. ते पैसे अजून आमच्याकडेच आहेत.

फोडकाम शाळा उघडल्यावरही चालू होते. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. मी चौथीला गुणाकार शिकवत असताना ब्रेकरचा आवाज वर्गात येई आणि पोरे माझ्या तोंडाकडे पाहत. पारावर बसून रोज पाहणारे जे कोण होते, त्यांची नावे मी लिहीत नाही, पण "भरलेला स्लॅब फोडनारी बाई" हे नाव तिथेच पडले.

आणि त्या बीममधून निघाले काय, हे कुणी विचारत नाही. खांबाजवळचा हातभर भाग हाताने सुटत होता. त्यापलीकडचे काँक्रीट इतके घट्ट होते की ब्रेकरचे टोक मोडले. यजमान त्यातला दुसरा भाग सांगतात, मी पहिला सांगते.

त्यानंतर जुलैत, २२ तारखेच्या आसपास यवतमाळ जिल्ह्यात जो पाऊस झाला तो तुम्हाला आठवतच असेल. ओसरीचा तो भाग वरून उघडा होता. नवा बीम कापूस वेचून झाल्यावर, हातात पुन्हा पैसे आल्यावर भरला.

तोपर्यंत मी भाऊजींना रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर कामाचे फोटो पाठवत असे: आज एवढ्या विटा, आज लिंटेल, आज खिडकीच्या चौकटी. फोडायला सुरुवात झाली त्या दिवशी फोटो थांबले. त्यांना ती बातमी दुसऱ्याच कुणाकडून कळली आणि त्यांचा फोन आला: "वहिनी, घर कुठपर्यंत आलं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, तरी मी फोन यजमानांकडे दिला.

माझी एक वही आहे. तिच्यात पाया, जोते, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर, फरशी अशी रकान्यांची आखणी करून प्रत्येकासमोर महिना लिहिलेला आहे, आणि शेवटी "दिवाळी, वास्तुशांती". ती वही लिहिणाऱ्या बाईशी माझे अजून भांडण चालू आहे. ती म्हणते, ग्राउट भरले असते तर त्याच दिवाळीत राहायला गेलो असतो. मामाजींना न्हाणी एक वर्ष आधी मिळाली असती, आणि ते वर्ष त्यांच्या गुडघ्यांनी काय काढले ते तू पाहिले आहेस. मी म्हणते, तू उघड्या सळाखी पाहिल्या नव्हत्यास. ती म्हणते, मिस्त्रींची घरे उभी आहेत. इथे माझ्याजवळ इंजिनिअरचे वाक्य असते, पण त्यात "बहुतेक भागेल" हेही आहे, आणि ते तिलाही पाठ आहे.

"घरकुलवाल्यांचे झाले, तुमचे का नाही?" असेही ऐकते. तेव्हा घरकुलाचे १,२०,००० रुपये टप्प्याटप्प्याने येत आणि घर किमान २५ चौरस मीटरचे असे. त्यात स्वतःची भर घालताना त्या घरांनी काय सोसले ते त्यांनाच विचारा. तुलना करायचीच असेल, तर त्यांनाही उधारीवरच रेती घ्यावी लागली, एवढे साम्य आहे.

तर घर कुठपर्यंत आले आहे? आम्ही राहायला गेलो आहोत, वास्तुशांती केलेली नाही. आतले प्लास्टर झाले, बाहेरचे मागच्या बाजूने बाकी आहे. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि व्यापारी त्याच्या बऱ्याच खाली मागत होते. बाहेरचे प्लास्टर तिथे अडले. कापसाच्या खोलीला दार लागले आहे. ओट्याची उंची माझ्या मनासारखी आहे. मिस्त्री रस्त्यात भेटले की रामराम करतात, घराविषयी बोलत नाहीत.

वरच्या मजल्यासाठी खांबांच्या सळाखी स्लॅबच्या वर सोडलेल्या आहेत. त्या गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटचे पाणी लावून ठेवले आहे. यजमानांच्या मते भाऊजी परत आले तर मजला चढवता येईल; माझ्या मते त्या सळाखी कापून वर पत्र्याची सावली करावी. नव्या मिस्त्रीला आम्ही दोघांनीही आपापले म्हणणे स्वतंत्रपणे सांगितले आहे, आणि तो दोघांनाही हो म्हणतो.