आमची वाटचाल : देऊळ राखायचे ते गावानेच

वाई-सातारा भागातल्या जुन्या देवळांची चुन्याची कामे हा आमच्या पेढीचा मूळ धंदा. आता त्याहून जास्त दिवस शिकवण्यात जातात. विश्वस्त, पुजारी आणि तरुण मंडळाची पोरे आमच्याकडून देवळाची निगा शिकतात.

ही वेळ एका ठेकेदाराने आणली. यात्रेआधी पंधरा दिवसांत देऊळ चकाचक, हा त्याचा वायदा. शिखराला सिमेंट, दगडाला ऑइलपेंट, गाभाऱ्यात टाइल. आम्ही नुसता चुना मुरवायला महिना मागायचो. ग्रामसभेत आमचे अंदाजपत्रक पुरते वाचलेही जात नसे. कामे थांबली, मुरलेले गवंडी पुण्याच्या इमारतींवर गेले, चुना दळायच्या घाणीचे दगडी चाक विकायला काढले. तेव्हा एका महादेवाच्या देवस्थानचे खजिनदार अण्णा आले आणि म्हणाले, "घाणी मोडू नका. पुऱ्या कामाचे पैसे नाहीत, पण आमच्या पोरांना शिकवा, तुमची रोजी देतो." पहिला वर्ग त्या देवळाच्या ओवरीत भरला. अण्णांचे देवस्थान आजही दरवर्षी पोरांची नवी तुकडी देते.

त्या सिमेंटचे पुढे काय होते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिले आहे. पेशवाई देवळाचे अंग काळ्या दगडाचे, पण शिखर बहुधा विटांचे आणि वर चुन्याचा गिलावा. विटेत शिरलेली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंटमधून पडत नाही. मग लोणा, म्हणजे ओलीतला क्षार, विटेतच साचतो, त्याचे खडे फुगतात आणि वरचे कवच ठणठणीत दिसत असताना आतली वीट भुगा होते. यादवकाळच्या देवळात तर दगड चुन्याशिवायच एकमेकांवर बसवलेले. त्या सांध्यांत सिमेंट भरले की पाण्याची वाटच बुजते. वाईचा ढोल्या गणपती १७६२ चा. पुराचे पाणी दुभंगावे म्हणून त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली. बांधणाऱ्यांनी पाण्याचा विचार आधी केला होता.

वर्गात पहिला धडा चुन्याचा. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग चुनकळी, म्हणजे भट्टीतला न विझवलेला चुना, थोडी थोडी टाकायची. उलटे केले तर उकळता चुना अंगावर उडतो. चष्मा आणि हातमोजे सक्तीचे. प्लॅस्टिकचे पिंप त्या उष्णतेने वितळते. विझलेला चुना बारीक चाळणीतून गाळून पाण्याखाली किमान महिनाभर ठेवायचा. न विझलेला खडा राहिला तर तो गिलाव्यात सावकाश विझतो, फुगतो आणि फोड येऊन खपली उडते. एक भाग चुन्याला तीन भाग धुतलेली वाळू. ओलीच्या जागी एक चुना, एक सुरखी (विटेची पूड), दोन वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटेची घ्या. करपलेली वीट चुन्याला धरत नाही. हिरड्याचे आणि गुळाचे पाणी बेताने. गूळ वाढला की माल कच्चा राहतो.

एक थर दहा-बारा मिलिमीटरचा, त्याहून जाड नको. पहिला थर घट्ट झाला की लाकडी थापीने ठोकायचा. वर ओले गोणपाट लावून निदान दहा दिवस दमट ठेवायचे. भराभर सुकलेला चुना तडकतो आणि करणी लावताच भुसभुशीत सुटतो. म्हणून कामाचा हंगाम दिवाळीनंतर, उन्हाळा तापायच्या आत.

बाकीचे काम निगराणीचे. मृगाआधी शिखराचे सांधे, पन्हाळी आणि गोमुख बघायचे. गोमुखात दूध-तुपाचा थर आणि बेलाची पाने अडकली की अभिषेकाचे पाणी पायाकडे वळते. पिंपळाचे कोवळे रोप पावसानंतर हाताने निघते. मनगटाएवढे झाले की ओढू नका, दगड हलतो. बुंधा कापा, सांधा उकला, मूळ तुकड्यातुकड्याने काढा आणि मगच चुना भरा. तड्यावर चुन्याचा छोटा ठिपका लावून तारीख लिहा. ठिपका फुटला तर तडा वाढतोय. एकाच जागेवरून दरवर्षी फोटो काढून वहीत चिकटवा.

ऑइलपेंट काढायला सँडब्लास्टिंग, तारेचा ब्रश किंवा ॲसिड कधीही वापरू नका. टाकीने कोरलेली बारीक नक्षी त्यात पुसली जाते. आधी मागच्या भिंतीवर तळहाताएवढ्या जागी रंग काढून पाहा, दगड कसा राहतो ते तपासा, मगच पुढे जा. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय हातच लावायचा नाही. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातून २०२४ मध्ये नंतर लावलेल्या फरशा आणि रंग काढून मूळ दगड उघडा केला गेला, तेव्हापासून गावोगावचे विश्वस्त आम्हाला स्वतःहून फोन करतात.

त्यांना आमचे सांगणे इतकेच असते की देणगीदाराचे नाव कोरायची फरशी भिंतीत ठोकू नका, अंगणात वेगळ्या दगडावर उभी करा. आणि निगराणीचा खर्च दरसाल हिशेबात धरा. मुरवलेला चुना उरला तर तो पुढच्या तुकडीला द्या, झाकून ठेवला तर तो वर्षानुवर्षे टिकतो.