चार बोल्टांची टाकी

आषाढातल्या एका सकाळी कोल्हापुरातल्या आमच्या गॅरेजात महायुद्धाच्या काळातली विलिज एमबी जीप आली. मालक निवृत्त शिक्षक असून, घाट चढताना पेट्रोलचा वास येतो एवढीच त्यांची तक्रार होती. पण चहूबाजूंनी उघड्या गाडीत वास टिकून राहतो, तेव्हा गळती किरकोळ नसते.

या जीपची टाकी चालकाच्या आसनाखाली, तळाच्या खोलगट भागात बसवलेली असते. तिच्यात १५ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ५७ लिटर पेट्रोल मावते आणि तेवढ्या पेट्रोलचेच वजन ४० किलोंच्या वर जाते. चालक अक्षरशः त्यावर बसलेला असतो.

आसन काढून पाहिले, तर टाकी बांधून ठेवणारे मूळचे पट्टे गायब होते आणि टाकीलाच लोखंडी कान वेल्ड करून ते चार बोल्टांनी तळाला घट्ट आवळलेले होते. "मीच करून घेतलंय, आता तसूभर हलत नाही," असे सर अभिमानाने म्हणाले. ते खरे होते आणि दुखणेही तेच होते. खडकाळ वाटेवर एक चाक वर, एक खाली गेले की जीपची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, पीळ खाते, तिच्याबरोबर तळाचा पत्राही वळतो आणि टाकीला सैल पडायला जागाच नसल्याने सगळा ताण कानापाशी येतो. एका कानाच्या वेल्डिंगलगत नखाएवढी चीर होती. तिच्याभोवतीची धूळ ओली होऊन काळी पडली होती.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण आत राहिलेली वाफ ठिणगीची वाटच पाहत असते. म्हणून गरम पाणी आणि सोड्याने ती अनेकदा धुतली, चिरेच्या जरा खालपर्यंत पाण्याने भरली, तोंड उघडे ठेवले आणि मगच कान कापून ती जागा झाळून घेतली. पंपाने बेताची हवा भरून साबणाचे पाणी लावले, तेव्हा एकही बुडबुडा आला नाही.

तळाचे निचऱ्याचे भोक चिखलाने बुजले होते, ते मोकळे केले. अस्तराला नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे जाड कापड, घातले तर ते पाणी धरून पत्रा गंजवते, त्यामुळे टाकीखाली आणि नव्या पोलादी पट्ट्यांखाली रबर घातले. रबर किंचित दबेपर्यंतच नट आवळून ते सैल पडू नयेत म्हणून वर चेकनट, म्हणजे दुसरे नट, लावले.

एवढे करून पेट्रोलचा काटा मेला! मी अर्धा तास फ्लोटवर, म्हणजे टाकीत पातळी मोजणाऱ्या तरंगत्या गोळ्यावर, संशय घेत बसलो. वास्तविक आम्हीच घातलेल्या रबराने टाकीचे अर्थिंग, म्हणजे काट्याच्या विजेची चेसिसकडे परतायची वाट, तोडले होते. टाकीपासून चेसिसपर्यंत एक वायर जोडताच काटा उठला.

सरांनी टाकीवर तळवा दाबला. ती जराशी दबून परत आली, तशी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हलते की रे."

"हलू द्या, सर. फक्त पंधरा दिवसांनी गाडी आणा. रबर बसलं की पट्टे पुन्हा अर्धा फेरा आवळावे लागतील."