तीन वर्षांचा घोडा नाटकं करतो तेव्हा

"घोडा दमलाय, आजारी आहे की नुसती नाटकं करतोय, हे ओळखायचं कसं?" हा प्रश्न मला वर्षभर विचारला जातो, पण हिवाळ्यात जरा जास्तच. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा बाजार भरतो, तापीकाठी तरणीबांड जनावरं ओळीनं उभी असतात, लोक हौसेनं घोडा घेऊन येतात आणि थोड्याच दिवसांत फोन येतो: "मॅडम, बाजारात काय नाचत होता! आता चार फेऱ्या झाल्या की अडून बसतो. माजलाय का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कोवळ्या घोड्याच्या बाबतीत 'माज' हे उत्तर मी अगदी शेवटी काढते. घोडा हे भक्ष्य होणारं जनावर आहे. कळपात जो लंगडतो तो आधी मारला जातो, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. तो पाठीवरच्या माणसाचं ऐकत राहतो, रेटत राहतो, आणि सहन होईना झालं की मग अडतो. आपल्याला वाटतं, आज अचानकच बिनसलं.

त्यात अडीच-तीन वर्षांचा घोडा दिसतो पूर्ण, असतो अर्धवट. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरचं वाढीचं हाड साधारण दोन-अडीच वर्षांपर्यंत पक्कं होतं, पाठीचे मणके मात्र पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत वाढत असतात. बाजूनं पाहा, पुष्कळदा पुठ्ठा, म्हणजे मागचा ढुंगणाकडचा भाग, खांद्यापेक्षा उंच दिसेल. मग खोगीर पुढे सरकतं आणि खांद्याला काचतं. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे टाकणारा, मान वळवून दात दाखवणारा घोडा वाईट स्वभावाचा असेलही. पण आधी पाठीवरून बोटं दाबत न्या. कुठे कातडी थरथरली, पाठ खाली खचली, तर तिथे दुखतंय. माझ्याकडे तिसऱ्या वर्षी वीस-पंचवीस मिनिटांवर रपेट नाही, तीही बरीचशी साध्या चालीवर. लोकांना हे फारच लाडाचं वाटतं. वाटू दे.

आजारी घोडा ओळखायचा तर बरा असतानाचा घोडा पाठ हवा. सकाळी चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, द्यायच्या आधी, तो शांत उभा असताना नाडी बघा. खालच्या जबड्याच्या आतल्या कडेला बोटं फिरवली की कातडीखाली दोरीसारखी एक शीर सरकते. ती हलकेच दाबून पंधरा सेकंद मोजा, चारानं गुणा. मोठ्या घोड्याची 28 ते 44, तरण्याची थोडी वर. श्वास कुशीकडे बघून मोजायचा, मिनिटाला 8 ते 16. अंगाचं तापमान 99 ते 101.5 फॅरनहाइटच्या मधे, तेही गुदद्वारात थर्मामीटर लावून. त्याला दोरा बांधून तो शेपटीला अडकवा, नाहीतर आत ओढला जातो किंवा पडून फुटतो. आमच्या तबेल्यातले मामा हे सगळं खडूनं भिंतीवर लिहून ठेवतात, आणि ती भिंत माझ्या वहीपेक्षा जास्त भरवशाची आहे.

थकवा मात्र पळताना बघायचा नाही, थांबल्यावर बघायचा. हलक्या कामानंतर दहा-पंधरा मिनिटांत नाडी साठीच्या आसपास किंवा खाली यायला हवी. लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स शर्यतीत ठरलेल्या वेळात ती 64 वर आली नाही तर पशुवैद्य घोड्याला पुढे जाऊ देत नाहीत. तिथे हा निकष कसलेल्या घोड्यांना लागतो, तुमचा तर बच्चा आहे. मिनिटाचे श्वास नाडीच्या ठोक्यांपेक्षा जास्त झाले, तर अंगातली उष्णता बाहेर पडत नाहीये. सावलीत न्या, अंगभर पाणी ओतत राहा आणि प्यायलाही द्या. घामेजल्या घोड्याला पाणी पाजू नये, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. मला तो घातक वाटतो. आणि दमट हवेत सगळे घोडे निथळत असताना एकटाच कोरडा राहून धापा टाकत असेल, तर त्याचं काम त्याच क्षणी बंद.

आता तोंड. हे कुणी बघतच नाही. एका मालकाची मारवाडी घोडी उजवीकडे वळायलाच तयार नव्हती, मान झटकायची. त्यांनी आणखी कडक कडियाळं (लगामाची तोंडात बसणारी लोखंडी कडी) आणलं होतं. तिच्या पुढ्यात अर्धवट चावलेल्या घासाचे ओले बोळे पडले होते, तेवढ्यावरून तोंड उघडायला लावलं. उजवीकडे दुधाची दाढ नव्या दाढेवर टोपीसारखी लोंबत होती आणि गाल आतून सोलला होता. अडीच ते पाच या वयात घोड्याचे दुधाचे दात पडतात, म्हणजे नेमकं आपण लगाम शिकवतो तेव्हाच. पशुवैद्यांनी दाढ काढली, आठवड्यानं घोडी वळली.

लंगडणं दुडकी चालीत, कडक जमिनीवर बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं. उभं असताना मागचे पाय आळीपाळीनं सैल सोडणं हा आराम, पण पुढचा एकच पाय सतत पुढे काढून ठेवणं हे दुखणं.

एका बाबतीत मात्र थांबणंच औषध आहे. दोन दिवस सुट्टी, चंदी मात्र पूर्ण, आणि तिसऱ्या दिवशी जोरात रपेट: मग घोडा मध्येच ताठरतो, पुठ्ठ्याचे स्नायू दगड होतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. त्याला "चालवून मोकळा" करायला जाऊ नका. जागच्या जागी उभा ठेवा, डॉक्टर बोलवा. सुट्टीच्या दिवशी चंदी कमी केली तर हा प्रसंग बहुधा येतच नाही.

पावसाळ्यात आणि त्यानंतर, माश्या फार असतात तेव्हा, आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. खातो नीट पण वाळत चाललाय, ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज आहे, तर टॉनिकच्या बाटल्या आणत बसू नका. सर्रा असू शकतो, म्हणजे चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणारा, रक्तातल्या परजीवीचा रोग. रक्त तपासून घ्या.

आणि पोटशूळ. चंदीला तोंड लावत नाही, कुशीकडे वळून बघतो, पुढच्या खुरानं जमीन उकरतो, लोळतो, लीद पडत नाही: फोन तेव्हाच करायचा, सकाळची वाट बघायची नाही. घोड्याला उलटी होत नाही, पोटातलं वर यायला वाटच नाही. बाटलीनं तेल किंवा सोडा ओतू नका, फुप्फुसात गेलं तर दुसरंच संकट उभं राहतं. चारा काढून घ्या आणि डॉक्टरांना फोनवर नाडी, ताप, हिरड्यांचा रंग आणि शेवटची लीद कधी पडली, एवढं सांगा. हिरडी बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. होत नसेल तर तेही सांगा, आणि सगळ्यात आधी सांगा.