श्टुडिएनकोलेगला जाणाऱ्या मुलांसाठी आणि पालकांसाठी

आजचा दिवस जर्मनीचे अर्ज तपासण्यात गेला. बारावीनंतर थेट पदवीला प्रवेश न मिळणाऱ्या परदेशी मुलांसाठी तिथे श्टुडिएनकोलेग, म्हणजे पदवीपूर्व तयारीचं कॉलेज असतं: साधारण दोन सेमिस्टर, शेवटी फेस्टश्टेलुंग्सप्रुफुंग, म्हणजे पदवीसाठीची पात्रता ठरवणारी अंतिम परीक्षा. इंजिनिअरिंगला टी-कोर्स, मेडिकल-बायोलॉजीला एम, अर्थशास्त्राला डब्ल्यू. कोर्स चुकीचा निवडला तर पुढे हवी ती पदवी मिळत नाही, म्हणून आधी पदवी ठरवा.

मुलं अडकतात ती कोलेगच्या प्रवेश परीक्षेत. जर्मनच्या पेपरात बहुधा सी-टेस्ट असते, म्हणजे उताऱ्यातल्या दर दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध गाळलेला. 'डी' एवढंच अक्षर दिसतं. तिथे डेर, डेम की डेन (नामाआधी येणाऱ्या एकाच आर्टिकलची वेगवेगळी रूपं), हे विभक्ती पक्की असेल तरच सुचतं. जर्मन भाषेच्या बी-१ पातळीचं सर्टिफिकेट हातात असूनही मार्क जातात ते इथेच. शब्द पाठ करण्यापेक्षा रोज एक उतारा असा गाळून सोडवा. गणितात बहुतेक ठिकाणी कॅल्क्युलेटर चालत नाही. इंटिग्रेशन येणारी आपली हुशार मुलं अपूर्णांक आणि घातांकात वेळ घालवतात, याचं फार वाईट वाटतं.

सरकारी कोलेगला शिकवणी फी सहसा नसते, फक्त सेमिस्टरचं शुल्क. खासगी ठिकाणी पैसे भरण्याआधी अंतिम परीक्षा तिथेच होते की बाहेरच्या सरकारी केंद्रावर, हे लेखी विचारा.

आणि एपीएस प्रमाणपत्राचा, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याच्या दाखल्याचा, अर्ज सगळ्यात आधी करा. भारतीय विद्यार्थ्यांना ते नोव्हेंबर २०२२पासून सक्तीचं आहे. ते वेळेत हातात नसलं की अर्जाची मुदत हुकते.